भुंग्याचा बंदोबस्त

२३ सप्टेंबर १९७४, सोमवार

कुलूप, अलीगढचे, सात लिव्हरचे: बावन्न रुपये. हे दुकानदाराने सांगितले. खरे किती पडले ते मी लिहितो. कुलूप जड, म्हणून कोयंडा नवा घेतला. कोयंडा ठोकताना चौकट कुजकी निघाली. चौकट काढली तर भिंतीचा पोपडा खाली आला. सुतार, गवंडी, सिमेंट, शिवाय धुळीमुळे दोन माग अर्धा दिवस बंद. एकूण दोनशे एकोणचाळीस. आणि अकरा वर्षे कारखान्याच्या दारात बसणारा वॉचमन निंगप्पा रुसला तो वेगळाच. कुलूप आणलं म्हंजे माज्यावर इस्वास न्हाय, म्हणाला, आणि दोन दिवस माझा चहा घेतला नाही. हा खर्च कुठल्या खात्यात टाकावा कळेना.

असो. काम चोख झाले. आता त्या खोलीत मुंगीसुद्धा शिरणार नाही.

खोलीत एक हजार चारशे साठ कार्डे आहेत. जकार्ड मागावर डोक्याशी जी भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, ती. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. नक्षी म्हणजे ही भोकेच. आमचा डिझाइन मास्तर राजेशम चार महिने खपला तेव्हा ही माळ झाली. चार रंगांचे सूर्यफूल आणि त्यावर बसलेला भुंगा. सोलापुरात मोर झाले, कमळे झाली, पण चादरीवर भुंगा बसवायचे कुणाला सुचले नाही. कल्पना माझी. राजेशम म्हणतो त्याची. म्हणू दे, मास्तर चांगला आहे.

मुंबईचे ताराचंदशेठ यांची अट अशी: दिवाळीपर्यंत हा भुंगा बाजारात दुसऱ्या कुणाकडे दिसता कामा नये. नाही दिसला तर वर्षभर माझ्या बारा मागांचा सगळा माल त्यांचा. दिसला तर रामराम. मी त्या भरवशावर बाकीची कामे परत पाठवली. म्हणजे बारा माग आणि बत्तीस माणसे आज एका भुंग्याच्या पाठीवर बसली आहेत.

काळजी नाही. वैरागहून एका पिशवीनिशी आलो, सुताच्या कांड्या भरल्या, दुसऱ्याचे माग चालवले, मग स्वतःचे टाकले. माझ्या कारखान्यातून एक धागा माझ्या नकळत बाहेर जात नाही.

२५ सप्टेंबर

न्हाव्याकडे डोळे मिटून बसलो की लोकांना वाटते ईश्वरप्पा झोपला. कान उघडे असतात. शेजारच्या खुर्चीत बसलिंगप्पाचा मुनीम. म्हणत होता, आमचे मालक यंदा फुलाच्या मागे लागलेत.

बसलिंगप्पा म्हणजे समोरच्या बोळातला. सहा माग. आम्ही एकाच मठाचे. भेटला की आधी हसतो, मग तब्येत विचारतो, मग धंदा विचारतो. हसण्यावरच माझा विश्वास नाही.

संध्याकाळी कुंडलिक आला. वैरागचा, माझ्या वर्गातला. जकात नाक्यावर तीस वर्षे काढून गेल्या महिन्यात रिटायर झाला. कोण कुठे काय लपवून शहरात आणतो हे त्याला तोंडपाठ. एकदा वरातीतल्या नवरदेवाच्या फेट्यातून चांदी काढली होती म्हणे. त्याला मोठ्या हौसेने कुलूप दाखवले. त्याने दोनदा हलवले आणि म्हणाला, ईश्वऱ्या, कुलूप झ्याक हाय. पर ह्याच्यावरून एवडंच कळतंय की तू कुलूप घेतलंस. बंदोबस्त हाय का न्हाय, त्ये कुनीतरी आत घुसाय बगितल्याबिगर कसं कळायचं?

मग त्याने नाक्यावरची रीत सांगितली. त्यांचे मोठे साहेब वर्षातून दोनदा आपलाच माणूस माल लपवून नाक्यावरून पाठवायचे. कुणालाही न सांगता. कोण पकडतो, कोण सोडतो, कुठल्या वेळी डोळा लागतो, सगळे कागदावर यायचे. शिक्षा कुणाला नाही. फक्त ते भोक बुजवायचे. कुंडलिक म्हणाला, खऱ्या चोराच्या आदी आपला खोटा चोर पाटवायचा. खोटा सस्ता पडतो.

कल्पना पटली. खरे तर माझ्या मनात हेच होते.

२६ सप्टेंबर

करार ठरला. कुंडलिक पंधरा दिवस माझा खोटा चोर. काही फोडायचे नाही, कुणाला इजा नाही, कारखान्यात कुणाला कळवायचे नाही. प्रत्येक यशाला एक चादर. शेवटी रिपोर्ट लिहून द्यायचा. मी म्हटले, रिपोर्ट कशाला, बंदोबस्त उत्तम असल्याचे सर्टिफिकेट दे, ताराचंदशेठना दाखवता येईल. तो म्हणाला, आदी बगू तर खरं.

चादर एकही द्यावी लागणार नाही. तरी एक बाजूला काढून ठेवली आहे. आपला स्वभाव मोठा.

२८ सप्टेंबर, दुपारी बारा

जेवायला बसलो तर कुंडलिक आला आणि ताटाशेजारी भुंग्याचे एक कार्ड ठेवले.

सकाळी आठला कांड्या भरणाऱ्या बायका येतात त्या गर्दीत याने दारातल्या हातगाडीवरून सुताचे पोते उचलून खांद्यावर घेतले. निंगप्पाने स्वतः दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. वर दम दिला, नीट जा की रं, उंबरा हाय म्होरं. आत गेल्यावर कांड्यांवरच्या गोजरबाईला विचारले, मावशी, मास्तरच्या खोलीची किल्ली? तिने हातातली कांडी न थांबवता हनुवटीने कॅलेंडर दाखवले. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला.

निंगप्पाला बोलावले. म्हणाला, मालक, वझं घिऊन आल्याला मानूस चोर कसा आसंल? चोर मोकळ्या हातानं येतोय.

बायको, शरणम्मा, ताक वाढताना हसली. मी तिला सांगितले, यात हसण्यासारखे काही नाही, उलट कुलूप किती पक्के आहे ते सिद्ध झाले. किल्लीशिवाय उघडता आले नाही ना?

एक चादर दिली. किल्लीची चोरी ही काही कुलपाची चोरी नव्हे, पण वाद नको.

३० सप्टेंबर

किल्ली आता माझ्या करदोट्याला. गाठ राजेशमने मारली आहे, ती काही सुटत नाही. त्यामुळे खोली उघडायची म्हणजे धोतर जरा सैल करून दाराला पोट लावून उभे राहावे लागते. आज चार वेळा उघडावी लागली. चौथ्या वेळी कांड्यांवरच्या बायकांनी गाणे बंद केले आणि बघत बसल्या.

संकल्प: राजेशमला दिवसातून एकदाच आत सोडायचे.

१ ऑक्टोबर

राजेशम दिवसातून सहा वेळा आत गेला. शेठ, काम करायचं का नको करायचं ते एकदा बोला, म्हणाला. कंबर दुखते आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज ताराचंदशेठच्या ऑफिसातून मुंबईहून ट्रंक कॉल. आमच्या बोळातल्या कारखान्यांत फोन माझ्याकडेच. तिकडून कोणी मॅनेजर बोलत होता, आवाज अगदी बारीक. शेठना माहिती हवी आहे, डिझाइन कुठले, रंग किती, कार्डे किती, रोज किती नग निघतील. मी सगळे व्यवस्थित सांगितले. मुंबई लांब, तेव्हा ओरडावे लागले. भुंगा हा शब्द तर त्यांना तीनदा सांगावा लागला. कामसू माणूस वाटला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मुंबई वगैरे काही नव्हती. समोरचे औषधाचे दुकान होते. फोनवर कुंडलिकचा नाक्यावरचा जुना सोबती. कुंडलिक शेजारी उभा राहून लिहून घेत होता. म्हणाला, फोन कानाला लावायची गरजच पडली न्हाय, तुजा आवाज रस्त्यावरनं थेट येत हुता. दुकानात औषदाला आल्याली दोन मानसं बी ऐकत हुती. येक म्हनला, भुंगा कशाला, मोर बरा की.

मी स्पष्ट सांगितले, हे नियमात बसत नाही. करार कुंडलिकशी आहे, त्याच्या सोबत्याशी नाही. परका माणूस वापरला, म्हणजे ही चोरी बाद.

कुंडलिक म्हणाला, बसलिंगप्पा परका मानूस वापरनार न्हाय अशी चिट्टी दिलीया का त्यानं?

चादर दिली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शरणम्माने मागच्या दाराने दिली असा संशय आहे, कारण कुंडलिक जाताना तिला ताई, ताई करत होता.

४ ऑक्टोबर

आजपासून फोनवर हळू बोलायचे. ताराचंदशेठचा खरा फोन आला तेव्हा हळू बोललो. त्यांना काही ऐकू गेले नाही. रागावले.

७ ऑक्टोबर, सोमवार

कुंडलिक शेंगदाणे घेऊन आला. खारे, गरम. गप्पा मारत सगळे संपवले. मीठ जास्त होते, तसे त्याला सांगितलेही. मग तो म्हणाला, आता पुडी उलगड.

पुडीचा कागद चौकटीचा. आमचा. त्यावर राजेशमच्या पेन्सिलीने काढलेले अर्धे सूर्यफूल आणि भुंग्याचे मागचे तीन पाय, कुठल्या घरात कुठला रंग त्याच्या आकड्यांसह.

राजेशम चुकलेले कच्चे कागद टोपलीत टाकतो. टोपली घरी येते. शरणम्मा दर महिन्याच्या सुरुवातीला रद्दी घालते, लग्न झाल्यापासून घालते. रद्दीवाल्याकडून शेंगदाणेवाल्याकडे. कुंडलिकने त्याच्याकडून दोन दिवसांत अकरा पुड्या घेतल्या, त्यातल्या चार भुंग्याच्या निघाल्या. पोट बिघडलंय, म्हणाला, आदी त्याचं काय ते बग.

शरणम्माला विचारले, रद्दी घालताना मला का नाही विचारलेस? ती म्हणाली, तेवीस वर्षं विचारलं नाही, तेव्हा रद्दीत भुंगा नव्हता.

या चोरीत दार, कुलूप, खोली यांपैकी कशालाच हात लागलेला नाही. म्हणजे कारखाना सुरक्षितच आहे. गेला तो कागद घरातून गेला. घर करारात धरलेलेच नव्हते.

कुंडलिक मग म्हणाला, ईश्वऱ्या, तू शाळेत बी गणित चुकलं की पाटी फुटकी हाय म्हनायचास.

९ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. फुलस्केप, एक पान. मला वाटले होते सुरुवातीला दोन ओळी कौतुकाच्या असतील. नाहीत. चारच मुद्दे.

पहिला, वझे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला नाव, गाव, कुणाकडून आला ते विचारायचे, ओळखीचा असला तरी. दुसरा, फोनवर कुणी माहिती विचारली तर ठेवून द्यायचा आणि आपल्या वहीतल्या नंबरावर आपण उलट फोन करायचा. तिसरा, कच्चे कागद रद्दीत न घालता चुलीत. इथवर ठीक. पोरकट आहे, पण ठीक.

चौथा वाचून मात्र डोके फिरले. लिहिले आहे: पहिली चादर दिवाळीआधी मठाला देऊ नये.

आमची रीत काय, तर मागावर नवीन नक्षी चढली की पहिला नग विकायचा नाही. खंडेनवमीला त्याची मागाबरोबर पूजा आणि दसऱ्याला मठात अर्पण. माझी पहिली चादर निघाली तेव्हापासून एकदाही चुकलेले नाही. आज जे काही आहे ते त्यामुळे आहे.

कुंडलिकचे म्हणणे, नक्षी कार्डात बी हाय आन् चादरीत बी हाय. मठात आल्याल्या वस्तूंचा दसऱ्यालाच लिलाव होतोय. तुजी चादर कुनाच्या हातात जाईल, सांग. मी म्हटले, देवाच्या हातात. तो म्हणाला, देव लिलावात बोली लावत न्हाय, मानसं लावत्यात. तुला द्यायची तर दे, पर येक म्हैना थांब. देव काय दिवाळीला गावाला जातोय व्हय?

मी त्याच्यासमोर चौथा मुद्दा लाल पेन्सिलीने खोडला. देवाधर्माचे काम चोरीत धरायचे नाही. उद्या म्हणशील उदबत्तीचा धूर खिडकीतून बाहेर जातो, तोही बंद कर.

मग सर्टिफिकेट मागितले. कुंडलिक म्हणाला, खोटं लिवनार न्हाय. बराच वाद झाला. शेवटी त्याने एका ओळीत लिहून दिले: कुलूप मजबूत आहे. खाली सही.

मला तेवढे पुरे.

१२ ऑक्टोबर

सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावले. काचेसकट छान दिसते. रिपोर्ट शरणम्मा घेऊन गेली. वाचून काय करणार, म्हटले. ती म्हणाली, जेवढं घरातलं आहे तेवढं मी करते.

तिने निंगप्पाला बोलावून काय सांगितले कोण जाणे. आज त्याने मलाच दारात अडवले. माझ्या हातात मठाच्या नारळांची पिशवी होती. नाव सांगा, म्हणाला. मी म्हटले, अरे, मी ईश्वरप्पा. म्हणाला, गाव?

त्याला काढून टाकायला हवे होते. पण चेहरा इतका गंभीर होता की मी वैराग सांगितले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

विजयाचा दिवस. लिहून ठेवतो.

सकाळी खाकी कपड्यातला एक माणूस आला, हातात वही, विजेचे मीटर बघायचे म्हणाला. निंगप्पाने नाव विचारले, गाव विचारले, कुठल्या ऑफिसचा विचारले. वीज ऑफिसचा, म्हणाला. निंगप्पा म्हणाला, ऱ्हा हितंच हुबा, आमच्या अक्का फोन करत्यात. शरणम्माने वहीतला नंबर काढून वीज ऑफिसला फोन लावला. त्यांचा माणूस आज या पेठेत नव्हताच. ती दारात येईपर्यंत खाकी कपडे बोळ ओलांडून बसलिंगप्पाच्या कारखान्यामागे गडप.

दुपारी पुन्हा. ताराचंदशेठच्या ऑफिसातून बोलतोय, कार्डांचा आकडा सांगा. शरणम्मा म्हणाली, ठेवा, आम्ही मुंबईला लावतो. पलीकडून खाडकन ठेवला.

म्हणजे खरे चोर आले, दोनदा आले, आणि हात हलवत गेले. कुलपाचा दरारा! पेठेत बातमी पसरलेली दिसते. दोनशे एकोणचाळीस रुपये वसूल.

कुंडलिकला हे सांगितले तर तो शरणम्माकडे बघून हसला आणि तिला म्हणाला, ताई, नाक्यावर तुमी पायजे हुता. लोकांना श्रेय कुठे द्यावे कळत नाही.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

बारा माग धुऊन पुसून पूजा. हळदकुंकू, झेंडू, नारळ. पूजेपुरती कार्डांची खोली बंद. मग दोन नंबरच्या मागावर भुंगा चढवला आणि पहिली चादर उतरली, तिचीही पूजा केली. काय सांगू! पिवळा असा की अंधारात दिवा लावायला नको. माणसे काम सोडून भोवती उभी राहिली. गोजरबाई म्हणाली, त्यो उडंल बगा आता.

राजेशमचा चेहरा पडलेला. शेठ, चौथ्या फुलावर भुंग्याला पाचच पाय आले. दोन कार्डं चुकली. ही ठेवून द्या, उद्या दुरुस्त करतो, दुसरी काढतो, मग मठात द्या. मी म्हटले, मास्तर, पहिला नग तो पहिला नग. देव पाय मोजत नाही.

सहा पायांचे काम तो उद्या करणार.

२५ ऑक्टोबर, दसरा

जन्म सार्थकी लागला.

सकाळी चादर खांद्यावर घेऊन मठात गेलो. मुद्दाम मोठ्या रस्त्याने, घडी उलगडून. लोक थांबून बघत होते. दुपारी लिलाव. नारळ गेले, साड्या गेल्या, एक पितळी समई चाळीसला गेली. मग माझी चादर. एकवीसपासून सुरुवात, आणि मग काय, अख्खी सभा तुटून पडली! एकावर एक, एकावर एक, एकशे एक्कावन्न! मठाच्या लिलावात चादरीला एवढी बोली कुणी ऐकली नव्हती. कार्यक्रम रंगता राहावा म्हणून मीही मधून हात वर करत होतो, ते सोडा. करकंबकडचा कुणी पिवळ्या फेट्याचा गृहस्थ होता, त्याने घेतली. लेकीच्या लग्नात द्यायची म्हणाला. मी त्याला जवळ बोलावून नक्षी समजावून सांगितली, कुठला रंग कुठल्या रंगाखालून जातो तेसुद्धा. भला माणूस, दोनदा विचारून घेतले.

बसलिंगप्पा कोपऱ्यात बसून होता. एकदाही हात वर केला नाही. जळाला असणार.

संध्याकाळी कुंडलिक आपट्याची पाने घेऊन आला. बोली सांगितली. तो खूश व्हायचे सोडून म्हणाला, फेटेवाल्याचं नाव काय? मी म्हटले, नाव कशाला विचारू, मी काय निंगप्पा आहे? तो चहा अर्धा ठेवून गेला. याला देवाचे वावडे आहे.

३० ऑक्टोबर

कार्डांच्या नकला पाडून सगळ्या बारा मागांवर भुंगा, सहा पायांचा. ताराचंदशेठ आठ तारखेला येणार. शरणम्माला म्हटले, दिवाळीत तुला पाटल्या. ती म्हणाली, साकु! आधी दिवाळी येऊ द्या. साकु म्हणजे पुरे. अक्कलकोटची माणसे आनंदाच्या वेळी कानडीत शिरतात.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी ओट्यावर दात घासत होतो. बसलिंगप्पाचे माग चालू होते. रोज चालतात, पण आज कान टवकारले. मागाचा आवाज मला माणसाच्या आवाजासारखा कळतो. रंग बदलतो तिथे माग एक ठोका वेगळा टाकतो. खट खट खट, मग खटाक. साधी चादर असेल तर ठोके सरळ. हे सरळ नव्हते. तीन, मग एक, मग दोन, मग लांब. ही भुंग्याची चाल आहे.

घरात येऊन बसलो. मग पुन्हा बाहेर जाऊन ऐकले.

योगायोग असेल. चार रंगांच्या चादरी कुणीही विणू शकतो.

राजेशमला बोलावून ऐकवले. तो दारातली चप्पल सरळ करत राहिला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ताराचंदशेठ आले. चहा घेतला. त्यांच्या हातावर एक चादर होती, मला वाटले नमुना म्हणून माझीच आणली. त्यांनी टेबलावर पसरली.

आधी समोरच्या बोळात जाऊन आले होते. बसलिंगप्पाने त्यांना बोलावून घेतले होते. भाव माझ्याहून अडीच रुपये कमी, कारण त्याला चार महिने मास्तर पोसावा लागलेला नाही. शेठ चांगले माणूस, आवाज चढवला नाही. ईश्वरप्पाजी, जे दोघांकडे आहे ते मी एकाकडून महाग का घेऊ, एवढेच म्हणाले. भिंतीवरचे सर्टिफिकेट वाचले, मान हलवली, निघाले.

मी कारखान्यात गेलो आणि जो दिसेल त्याला धरले. निंगप्पाला म्हटले, तूच कुणाला तरी सोडलेस. तो रडला. मालक, मी तर तुमाला बी सोडलं न्हवतं, म्हणाला. राजेशमला म्हटले, मास्तर, कार्डे तुझ्या हातातली. त्याने चादर उचलून उजेडाला नेली, भिंग काढले आणि चौथे फूल शोधून माझ्यासमोर धरले.

भुंग्याला पाच पाय.

आपल्या कारखान्यात पाच पायांची चादर एकच झाली शेठ, राजेशम म्हणाला. कार्डं चोरली असती तर सहा आले असते. हे चादर समोर ठेवून धागे मोजून केलंय. चांगला मास्तर असला तर आठ दिवसांचं काम. त्यांनी पायसुद्धा मोजून पाचच घातले.

बत्तीस माणसे उभी होती. माग बंद होते. समोरच्या बोळातला ठोका आत येत होता.

९ नोव्हेंबर

जेवण नाही. कुणाशी बोलणे नाही. कुंडलिक आला होता. मला वाटले, सांगितलं हुतं की, असे म्हणेल. म्हणाला नाही. त्यापेक्षा म्हणाला असता तर बरे. शरणम्माशी बाहेर ओट्यावर बराच वेळ बोलत बसला. एक कानावर आले. ती विचारत होती, तुमच्या नाक्यावर साहेब रिपोर्टातलं खोडायचे का हो? तो म्हणाला, खोडायचे की. मग त्याच रस्त्यानं माल यायचा.

संकल्प: यापुढे कुणालाही काही देणार नाही. देवालाही नाही.

नंतर वाटले, देवाचा काय दोष. संकल्प रद्द.

११ नोव्हेंबर

शरणम्मा काल बसलिंगप्पाच्या घरी फराळाचे घेऊन गेली होती. मला न विचारता. आज बसलिंगप्पा स्वतः आला. आधी हसला, मग तब्येत विचारली. मग म्हणाला, ईश्वरप्पा, ऑर्डर मोठी आहे, सहा मागांवर मला झेपत नाही. तुमचे बारा मोकळेच आहेत. सूत माझे, कार्डे माझी, तुम्ही नुसती मजुरीवर विणून द्या.

मी म्हणणार होतो, चालता हो. पण दारात बत्तीस माणसे दिवाळीच्या तोंडावर उभी होती, आणि त्यांच्यापुढे शरणम्मा. हो म्हटले.

जाताना बसलिंगप्पा म्हणाला, तुमच्या मास्तरला सांगा, सहावा पाय घालून द्यायचा.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून बारा मागांवर बसलिंगप्पाचा भुंगा. चांगला निघतो आहे.

दुपारी मठात गेलो. रागच होता. व्यवस्थापक सिद्धाप्पा यांना म्हटले, देवाची वस्तू असल्या माणसाच्या हातात जातेच कशी? पिवळा फेटा बसलिंगप्पाचा मेहुणा निघाला. निदान एवढे तरी बघायचे, की समोर अख्खी सभा बोली लावत असताना तुम्ही नेमकी त्यालाच दिली!

सिद्धाप्पांनी चष्मा लावला आणि दसऱ्याची वही काढली. ते प्रत्येक बोली नावासकट लिहून ठेवतात. बोट ठेवून वाचत गेले. समई, चाळीस. मग चादर. एकवीस, पंचवीस, एकतीस. एकतीसला बाकी सगळे थांबले होते. तिथून एकशे एक्कावन्नपर्यंत वहीत दोनच नावे आहेत. एक त्या मेहुण्याचे. दुसरे माझे.